मी न टिपलेला गोल

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. बहारीनमधल्या सलमाबाद भागात, गॅरेजेस आणि गोदामांच्या मागे एक लहानसं तांत्रिक कॉलेज आहे. तिथल्या वेल्डिंगच्या प्रयोगशाळेत एका लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. माझ्या भिंगाला एका कडेने ओरखडा आहे, झाकण हरवलं आहे आणि बॅटरी जेमतेम दीड तासात मान टाकते. पण ही माझी तक्रार नव्हे. कपाटात बंद राहण्याची शिक्षा मला थोडी कमीच झाली, असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगतो.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते मनामा शहरातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं दुकान. त्याच्या हाताखाली मी सहा वर्षं लग्नं टिपली. त्याने मला एकच धडा दिला होता. मांडवात कोणीही रुसो, रडो, चक्कर येऊन पडो, नवरानवरीवरून नजर हटवायची नाही. हा धडा मी इतका पाठ केला की पुढे तो मला भोवला.

नंतर मुख्तार सरांनी मला त्या दुकानातून अर्ध्या किमतीत उचललं. सर मूळचे दापोलीकडचे. ते दिवसभर मुलांना वेल्डिंग शिकवायचे आणि संध्याकाळी कॉलेजच्या फुटबॉल संघाला. मैदान म्हणजे खडी बाजूला सारून केलेली वाळूची जागा होती. गुरुवारी सामना असायचा आणि शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, सगळा संघ सरांच्या घरी जमायचा. सरांच्या पत्नी नुसरतभाभी घावन करायच्या. मला टीव्हीला जोडलं जायचं आणि कालचा सामना पुन्हा बघितला जायचा.

सरांच्या घरी एक शिस्त होती. आधी चुका बघायच्या, गोल शेवटी. ज्याची चूक असेल त्याने स्वतः उठून सांगायचं, "इथं मी चुकलो." त्याच्यावर कोणी हसलं तर त्याचं घावन भाभी दुसऱ्याच्या ताटात टाकायच्या. मी इतकी लग्नं टिपली होती, पण माणसं स्वतःहून चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिली. मला तो संघ फार आवडायला लागला.

मला चालवायची ती कश्मिरा, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचा हात स्थिर होता. माझी नजर मात्र जुन्या सवयीची. संघात उबेद नावाचा गोल मारणारा मुलगा होता, दिसायला रुबाबदार. मला तो नवरदेवच वाटायचा. कश्मिरा मला जरा सैल सोडायची आणि मी उबेदच्या मागे मागे फिरायचो. त्याला चेंडू आणून देणारा वरुण चौकटीत यायचा तो अर्धामुर्धा, कधी नुसता बूट, कधी कोपर. वरुण पुण्याच्या कुटुंबातला, शांत आणि नाकासमोर चालणारा मुलगा. त्याचे बाबा सित्राला एका कंपनीत फिटर होते.

मग गेल्या वर्षी स्पर्धेचा नियम बदलला. कॉलेजांनी खेळाडूंना महिन्याला मानधन दिलं तरी चालेल, असं ठरलं. सीफ भागातल्या मॉलजवळच्या एका मोठ्या कॉलेजाला लगेच प्रायोजक मिळाले. तिथल्या संघाकडे गवताचं मैदान, स्वतःची बस आणि वर फीमाफी. आमच्याकडे घावन.

सीफचे प्रशिक्षक खेळाडू निवडायचे ते व्हिडिओ बघून. उबेदने कश्मिराला विनवलं आणि माझ्या पोटातले त्याचे सगळे गोल एकत्र झाले. चुका वगळून, नुसते गोल. तो व्हिडिओ बघून मी स्वतःच हरभऱ्याच्या झाडावर चढलो. किती सुंदर टिपलंय आपण, असं वाटलं. पंधरा दिवसांत उबेद सीफला गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. त्यांना मीच गिऱ्हाईक दाखवलं, मित्रांनो.

त्यानंतर आमचा खेळच बदलला. मुलं चेंडू सोडेनाशी झाली. ज्याच्यावर मी वळायचो, तो छाती काढून पळायचा. शुक्रवारी चूक कबूल करायला कोणी उठेना, कारण चुकांची फीतही कोणीतरी बघेल अशी भीती होती. आणि ज्यांना सीफवाल्यांनी विचारलंच नाही, त्यांची मनं उतरली. काहींनी सीफच्या मॉलमध्ये संध्याकाळची नोकरी धरली, काही नुसतेच यायचे थांबले. अठरा जणांचा संघ यंदाच्या फेब्रुवारीत सातवर आला. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "एक सामना जरी असा बुडाला, तर संघ बंद."

सर उबेदचं नाव घेईनासे झाले. घरातल्या भिंतीवर संघाचा फोटो होता, त्यात उबेद होता, तो फोटोही त्यांनी उतरवला. ते सगळं वरुण बघत होता.

त्याच महिन्यात वरुणच्या बाबांचं कंत्राट संपलं. घरचे मार्चमध्ये पुण्याला परत जाणार, हे संघात सगळ्यांना कळलं. यंदाची फी भरलेली होती, पुढच्या दोन वर्षांची नव्हती. पुढची सोय झाली तर बाबा त्याला मागे ठेवायला तयार होते, नाहीतर शिक्षण अर्धवट टाकून त्यानेही निघायचं. सोय करू शकेल असं एकच ठिकाण होतं, सीफ. तिथल्या प्रशिक्षकांनी वरुणला सांगितलं होतं, "पुढच्या गुरुवारचा तुझा पूर्ण सामना मला पाठव. रविवारी ठरवू."

वरुणने हे फक्त कश्मिराला सांगितलं. सरांना सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

सरांना ते कळलं उबेदकडून. बुधवारी त्याने चांगल्या मनाने फोन केला. मी टेबलावर चार्जिंगला होतो.

"सर, आमचे कोच वरुणबद्दल विचारत होते. त्याला घेतील, इंशाल्ला. फक्त सर, एक गोष्ट..."

"खलास. कळलं मला," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ती एक गोष्ट उबेदच्या तोंडातच राहिली.

गुरुवारी ऊन कलल्यावर सामना सुरू झाला. आमचे सात, समोर अकरा. मला मध्यरेषेजवळ तिवईवर उभं केलं होतं. पहिली दहा मिनिटं मी इमानाने वरुणला टिपत होतो. कश्मिराने माझी जुनी खोड ओळखून मला घट्ट धरलं होतं. तेवढ्यात सर आले.

"कश्मिरा, कॅमेरा आपल्या गोलकडे फिरव. जयेशवर ठेव." जयेश आमचा गोलकीपर.

"सर, पण बॉल तर तिकडं आहे. आणि वरुणला आज..."

"मला ठाऊक आहे वरुणला आज काय पाहिजे ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. फिरव."

कश्मिराने एकदा वरुणकडे बघितलं. मग तिने मला फिरवलं. मी यंत्र आहे, मला नाही म्हणता येत नाही, ही सबब मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिली. ती पटत नाही. कारण खरं सांगू का, मला वळायला वाईट वाटलंच नाही. वरुण माझ्यासाठी कधी नवरदेव नव्हताच.

नंतरचा तासभर मी जयेशला टिपत राहिलो. तो हातमोजे घट्ट करत होता, वाळूत टाच रुतवत होता. शेवटी शेवटी माझ्या पाठीमागून एक मोठा आवाज आला, पायाने चेंडूला दणका दिल्याचा. मग शांतता. मग जयेशने अशी काही उडी मारली की त्याचं डोकं आडव्या दांड्याला लागायचं राहिलं. "वरुण्या, काय मारलास रे!" असं ओरडत तो चौकटीबाहेर पळाला. मागे राहिलं रिकामं गोलचं जाळं, आणि मी तेच टिपत बसलो.

वरुणने अर्ध्या मैदानावरून गोल मारला होता. तसा गोल त्या मैदानावर आधी कोणी मारला नव्हता. असं म्हणतात. मी तिथेच होतो, पण मला म्हणतात असंच म्हणावं लागतं.

शुक्रवारी सकाळी सगळे सरांच्या घरी जमले. वरुण लवकर आला होता. गोलची फीत उतरवून लगेच पाठवायची म्हणून त्याने लॅपटॉपही आणला होता. भाभींनी घावन वाढलं, पण सरांनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी मला टीव्हीला जोडलं आणि ते उभेच राहिले.

"आज पहिली चूक माझी," ते म्हणाले.

पडद्यावर मैदान फिरलं, जयेश दिसायला लागला, आणि सगळ्या खोलीत सरांचाच आवाज घुमला. झाकली मूठ सव्वा लाखाची. फिरव. कोणी हसलं नाही. सर मान खाली घालून म्हणाले, "वरुण, तू गेलास तर सहाच राहतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझ्या घरचं मला माहीत होतं. माहीत असून मी हे केलं."

वरुणने लॅपटॉप मिटला. त्याला नीट मराठीत बोलायला वेळ लागतो, तो लहानपणापासून इथल्या इंग्रजी शाळेत शिकलेला.

"सर, मी त्यांना आधीच सांगितलं होतं. हा सीझन मी इकडंच खेळणार. नेक्स्ट इयरलाच तिकडं येणार. ते ओके म्हणाले होते." मग तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

ती एक गोष्ट हीच होती. फोनवर उबेदही तेच सांगणार होता. भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. सर खाली बसले ते जुम्म्याची वेळ होईपर्यंत उठले नाहीत.

नमाज झाल्यावर सर मला गाडीत घालून थेट सीफला घेऊन गेले. तिथले प्रशिक्षक मुनाफभाई रायगडकडचे. माणूस सरळ होता. सरांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. मुनाफभाईंनी मला हातात घेतलं, पहिली दहा मिनिटं बघितली, मग जयेशचा तो तास पुढे ढकलत ढकलत उडीपर्यंत आले. ती उडी त्यांनी तीनदा बघितली.

"मुख्तारभाई, पोरानं काहीतरी भारी केलंय, ते या कीपरच्या तोंडावर दिसतंय. पण दहा मिनिटांवर मी वर काय दाखवू? प्रायोजकांना गोल लागतो. दुसऱ्या मुलाचा पूर्ण सामना आलाय माझ्याकडं."

"पुढच्या गुरुवारी परत काढतो. मी स्वतः काढतो."

"रविवारी नाव द्यायचंय, भाई. माझ्या हातात नाही."

रविवारी दुसऱ्या मुलाचं नाव लागलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरुण घरच्यांबरोबर पुण्याला गेला. त्यानंतरच्या गुरुवारी आमचे सहा जण मैदानात उभे राहिले. पंचांनी मोजले, पंधरा मिनिटं वाट बघितली आणि शिट्टी वाजवली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ज्या भीतीपोटी सरांनी मला फिरवलं होतं, ती भीती सरांनी आणि मी मिळूनच खरी केली.

आता संघ नाही, म्हणून मी कपाटात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला पुसून ठेवा. मी ते मागत नाही. माझं मागणं एवढंच आहे की कोणाच्या भल्याबुऱ्याचं तुम्ही परस्पर ठरवायला निघालात, तर आधी त्याच्याकडे वळा आणि त्याला विचारा. आणि जो रुबाबदार नाही, अर्धाच दिसतो, त्याच्यावरही थोडा वेळ नजर ठेवा. मी ठेवली असती तर त्याचे जुने सामने तरी माझ्या पोटात पूर्ण सापडले असते. सरांनी त्या शनिवारी ते सगळे शोधले. मिळाले ते बूट आणि कोपर.

गेल्या आठवड्यात सरांनी कपाट उघडलं. त्यांच्या कानाला फोन होता, पुण्याहून वरुणचा. त्याला तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली आहे. खेळतोस का, असं सरांनी विचारलं. वेळ नाही मिळत, तो म्हणाला. सर म्हणाले, "तुला काही पाठवू का इथलं? सांग, काय पाहिजे?"

वरुण म्हणाला, "सर, ती जयेशची उडी पाठवा ना. घरी कोणाला तो गोल खरा वाटत नाही."