धाकटे पुढे, थोरले मागे

"गेले का?" धाकट्यांनी फोनवर विचारलं, आणि आवाजात हवं तेवढं दुःख उतरलं नाही हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

"कोण गेलं?" पलीकडून सभागृहाचे सचिव म्हणाले. नियमाशिवाय पाऊल टाकत नसत म्हणून या सचिवांना सगळे नियमवाले म्हणत.

"थोरले हो. तुम्हीच म्हणालात ना, आजपासून सभागृहात मी पहिला."

"छे छे! ते ठणठणीत आहेत. आत्ताच माझ्यावर ओरडून गेले. त्यांच्या सदस्यत्वात खंड पडलाय, एवढंच."

धाकटे मटकन खुर्चीत बसले. बायको चहा घेऊन आली, तर हे नुसतेच हसत होते.

त्याचं असं होतं, की देशाच्या वरिष्ठ सभागृहात आधी शपथ घेईल तो मोठा. वय, अक्कल, पिकलेले केस, कशाचाही संबंध नाही. दोघंही एकाच दिवशी आलेले. नाव आधी धाकट्यांचंच पुकारलं होतं. पण उभं राहताच त्यांच्या घशाला कोरड पडली, त्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत शेजारच्याने उठून आपली शपथ उरकून घेतली. त्या एका घोटापायी हे जन्माचे धाकटे झाले. पुढे डोक्यावरचे केस गेले, नातीचं लग्न झालं, त्यांच्या पुढचे एकेक सदस्य निवृत्त झाले, काही वर गेले. सरकत सरकत थोरले पहिले झाले आणि हे दुसरे. तिथे मात्र गाडं अडलं ते अडलंच.

आता थोरल्यांची मुदत संपली होती आणि ते पुन्हा निवडूनही आले होते. पण निकाल लागायला उशीर झाला आणि मधले काही दिवस ते कुणीच नव्हते. खंड पडला की पाटी कोरी, हा नियम. तो खुद्द थोरल्यांनीच एका जुन्या वैऱ्याला मागे ढकलण्यासाठी टेबल बडवून करून घेतलेला. दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि त्यात आपणच पडावं, तशातली गत.

"त्यांना काय वाटलं असेल हो?" बायको म्हणाली.

"काय वाटायचंय? इतकी वर्षं मला काय वाटतं हे कुणी विचारलं?"

"मी कुठे विचारलं? न विचारताच तुम्ही रोज सांगत होतात." तिने चहाचा कप पुढे सरकवला. "जपून बसा हो त्या खुर्चीत. हपापल्यासारखं करू नका."

धाकट्यांनी ठेवणीतला कोट काढला. पोटावर बटण लागेना, तरी लावलं. आज श्वास थोडा कमी घेतला तरी चालणार होतं.

पहिल्या रांगेतली ती पहिली खुर्ची. धाकटे तिच्यात बसले आणि डावीकडे कलंडले. थोरल्यांना एका अंगावर रेलून बसायची सवय होती, त्यामुळे गादीही त्याच बाजूला खचली होती. कितीही सरळ बसलं तरी घरंगळायला होत होतं. सभागृहाला मात्र वाटलं, पहिला नंबर लागताच माणसाच्या बसण्यात कसा रुबाब आला.

मग नव्या सदस्यांच्या शपथा झाल्या. सगळ्यात शेवटी थोरले आले. काठी टेकत मधोमध उभे राहिले, कागद न बघता शपथ म्हणाले. मागून कुणीतरी खुसखुसलं. नव्या माणसाची जागा शेवटच्या रांगेत, अगदी वर. थोरले कठडा धरून एकेक पायरी चढू लागले. प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि भिंतीवरचे दिवे बघितल्यासारखं करायचे. दिव्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

वर त्यांच्या शेजारी एक डॉक्टरीणबाई होत्या, त्याही पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांनी सरकून जागा दिली.

"काका, तुम्हीपण नवीन?"

"हो ना पोरी," थोरले म्हणाले. "जरा बुजल्यासारखंच होतंय."

सगळं सभागृह हसलं. धाकटेही हसले, पण मान मागे वळवून बघताना त्यांना दिसलं, की हसू ओसरल्यावर थोरल्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली.

त्या दिवशी विषय होता रस्त्याकडेच्या पदपथांची रुंदी. पहिलं बोलायचा मान पहिल्याचा. आजवर धाकटे बोलायला उठले की दुसऱ्याच वाक्याला थोरले गरजायचे, "मुद्द्यावर या!" मग धाकटे चिडायचे, चिडले की त्यांना मुद्दा सुचायचा, आणि भाषण रंगायचं. आज कुणी अडवलं नाही. भाषण गुळगुळीत रस्त्यावरून गेल्यासारखं गेलं आणि अर्ध्या वेळात संपलं. धाकटे उगीचच थोडा वेळ उभे राहिले. वरच्या रांगेतून शब्द आला नाही. टाळ्या पडल्या, त्याही पदपथाच्याच रुंदीच्या.

'हे काही खरं नाही,' धाकट्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं ज्याच्या नाकावर टिच्चून पहिलं व्हायचं स्वप्न बघितलं, ते नाकच जागेवर नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. सभागृहातून बाहेर पडायचं तेही क्रमानेच, एकामागे एक. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. धाकटे उठले. त्यांच्यामागे तिसरे, चौथे अशी सगळी रांग लागली आणि शेवटी थोरले.

सभागृहाबाहेर अरुंद बोळ होता आणि पुढे जाऊन त्याला दोन फाटे फुटत. धाकटे ऐटीत चालत आले आणि फाट्यावर क्षणभर गोंधळले. मग छाती काढून उजवीकडे वळले. सबंध वरिष्ठ सभागृह त्यांच्यामागे उजवीकडे वळलं. बोळ आणखी अरुंद झाला, एक वळण आलं आणि समोर बंद दार. दारावर पाटी होती, 'मोडक्या खुर्च्या'.

"काय झालं? थांबलात का?" मागून तिसरे म्हणाले.

"दार लागलंय."

"जेवणघराचं?"

"नाही. खुर्च्यांचं."

मागची माणसं पुढच्यांवर आदळू लागली. कुणाच्या पायावर पाय, कुणाच्या पाठीत कोपर. बाजूने निघून जावं तर एका माणसापलीकडे जागा नाही. नियमवाल्यांना बोलावणं गेलं. ते बोळाच्या तोंडाशी उभे राहून ओरडले, "क्रम मोडता येणार नाही! सगळ्यांनी जागच्या जागी मागे वळा!"

सगळे वळले, आणि रांगेच्या तोंडाशी कोण, तर थोरले.

मग पलीकडून तो जुना आवाज आला, भिंती हादरवणारा. "अरे धाकट्या! कुठं नेऊन घातलंस रे सगळ्यांना? मुद्द्यावर या! चला, माझ्यामागून चला!"

काठी टकटक वाजू लागली. रांग हलली. सगळ्यांच्या मागे, एकटे, धाकटे निघाले. अपमानाने त्यांचे कान लाल झाले होते आणि का कोण जाणे, कोटाचं बटण आता तितकंसं टोचत नव्हतं.

जेवताना थोरले काही थांबेनात. "मी नसलो की हे असं होतं," ते डॉक्टरीणबाईंना सांगत होते. "पोरी, नीट जेव. उद्या कुणी तुला गच्चीवर नेईल." त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "अहो, उभा जन्म त्या बोळातून जाताय. रस्ता माहीत नाही?"

"रस्ता कधी बघितलाच नाही गं," धाकटे म्हणाले. "मी त्यांची पाठ बघत होतो. हा माणूस एकदा तरी ठेचकाळेल म्हणून."

ती हसायची थांबली. "आणि आज?"

"आज समोर कुणीच नव्हतं. वाईट वाटलं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नियमवाल्यांनी फाट्यावरच्या भिंतीवर मोठा बाण लावून घेतला होता. लाल रंगाचा, डावीकडे टोक केलेला, खाली 'जेवणघर'. आंधळ्यालाही चुकता येणार नाही असा.

सुट्टी झाली. धाकटे उठले, मागे रांग लागली. शेवटच्या पायरीवरून थोरले कठडा धरून सावकाश उतरताना त्यांना दिसले. धाकटे फाट्याशी आले. त्यांनी बाण नीट बघितला, खालची अक्षरंही वाचली.

आणि उजवीकडे वळले.

तिसऱ्यांनी बाणाकडे बघितलं, धाकट्यांकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तेही उजवीकडे वळले. चौथे वळले. भूक लागलेलं सबंध सभागृह मुकाट्याने त्या बोळात शिरलं.

मोडक्या खुर्च्यांच्या दारासमोर धाकटे नाक टेकेल इतके जवळ जाऊन उभे राहिले. मागे पावलं थांबली, वळली. दूरवरून थोरल्यांनी त्यांच्या अकलेचा उद्धार केला, तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग काठी वाजू लागली. सगळे जरा पुढे जाईपर्यंत ते थांबले आणि रांगेच्या शेवटी चालू लागले.