बाळंतिणीची बाज

बोरजाईवाडीत बनुबाईच्या घरी कुणीही, कधीही जावं आणि "कसं काय चाललंय?" म्हणून विचारावं, तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काय कमी न्हाई." डब्यात साखर नसली तर ती पाहुण्याला घोंगड्यावर बसवून मागच्या दारानं शेजारी जायची, पदराखाली वाटी घेऊन यायची आणि चहा पुढं ठेवताना वर विचारायची, "आनी घालू का साकर? बक्कळ हाय." नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हाही हेच, आणि तो गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही हेच. आल्यागेल्यापुढं घरातली उणीव मांडू नये असं तिला आईनं शिकवलं होतं, आणि आईनं शिकवलेलं बनुबाईनं सत्तरी उलटली तरी सोडलं नव्हतं.

हे गाव तालुक्याच्या मेढ्यापासून तासाभराच्या वाटेवर, डोंगरात; एसटी आता दिवसातून दोनदा येते, रात्री काहीच नाही. अर्ध्या घरांना कुलपं, तरणी माणसं मुंबई-पुण्याला. बावीस वर्षांपूर्वी बनुबाईची एकुलती एक लेक मनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या तेव्हा गावात ना नर्स होती ना गाडी. चौघांनी तिला बाजेवर घालून डोंगर उतरायला घेतला. दवाखाना लांबच राहिला. वाटेतल्या आंब्याखाली पोरगी जन्मली आणि मनू गेली. गेलेली लेक बाजेवर आणि जन्मलेली नात पदरात घेऊन बनुबाई त्याच वाटेनं परत आली. जावयानं वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न केलं, आणि लेकराकडं वळून पाहिलं नाही. नातीला, राजेश्वरीला, बनुबाईनं शेळीच्या दुधावर वाढवलं. पोरगी बोलायला लागली ती आजीला 'आये'च म्हणायला लागली.

पुढं सरकारनं गावोगावी विकासाचे आराखडे करायला लावले. ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा विषय निघाला आणि जागेवर घोडं अडलं. फुकट जागा द्यायची म्हटल्यावर सगळे एकमेकांच्या टोप्या न्याहाळू लागले. तेव्हा बायकांच्या रांगेतून बनुबाई उठली आणि रस्त्याकडेचं दोन गुंठ्यांचं रान देते म्हणाली. खरोखरच दिलं, बक्षीसपत्र करून. दोन वर्षांत दोन खोल्यांची इमारत उभी राहिली. फरशी झाली, पाण्याची टाकी बसली, पाटी रंगवली, नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले. नर्स तेवढी आली नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून किल्ली बनुबाईकडं ठेवली होती, कारण तिचं घर शेजारी. ती रोज सकाळी दार उघडायची, दोन्ही खोल्या झाडायची आणि परत कुलूप लावायची. बिनमाणसाच्या खोल्यांची एवढी झाडलोट अख्ख्या तालुक्यात कुणी केली नसेल.

राजेश्वरीचं लग्न तासगावकडं झालं. उसाचं, द्राक्षाचं घर, नवरा शिवतेज फौजेत. यंदा तिला दिवस गेले आणि बनुबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि राजेश्वरीचं माहेर म्हणजे बनुबाई. पण सासूनं फोनवर स्पष्टच सांगितलं.

"आवं आजी, रीत आमाला बी ठावी हाय. पर तिच्या आईचं काय झालं ते बी ठावं हाय. तुमच्या गावात नर्स बसली की सातव्या म्हयन्यात पोरीला धाडतो. त्याबिगर न्हाई."

बनुबाईला यात नाव ठेवायला जागा दिसली नाही. ती "रास्त हाय" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडं गेली. जांभळीच्या लाकडाची नवी बाज करून घेतली आणि काथ्यानं स्वतः विणली. बोटांची सालटी निघाली. बाळंतिणीला शेक द्यायचा तर खाली शेगडी सरकली पाहिजे, म्हणून तिनं सुताराला पाय बोटभर उंच करायला लावले होते.

असं सगळं चाललेलं असताना सरपंच जालिंदरच्या हातात पत्र पडलं. डोंगरी गावांना पुन्हा उभं करायचा नवा आराखडा होतोय, निधी आहे, समिती पाहणीला येणार. आता, आपल्याकडच्या गावांना समिती म्हटलं की एकच ठाऊक. मागं स्वच्छतेच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा बोरजाईवाडीनं उकिरडे उचलून, भिंती रंगवून तालुक्यात दुसरा नंबर काढला होता. ती ढाल अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात होती. जालिंदरनं लगेच दवंडी दिली, की सडे घाला, रांगोळ्या काढा, गाव चकचकीत दिसलं पाहिजे.

गावची आशाताई स्वप्ना तेवढी आडवी आली. "सरपंच, पत्र नीट वाचा की. ही नंबर द्यायची समिती न्हवं. गावात काय न्हाई ते बघाय येत्यात. जे पडकं हाय ते पडकंच दावा."

"दारात आलेल्या मानसाला उकिरडा दावायचा व्हय गं?" जालिंदर खेकसला.

बनुबाईला जालिंदरचंच पटलं. "सपना, आगं, नर्स म्हंजी कुनाची तरी लेकच की. लेक द्यायच्या आदी मानसं घर बघाय येत्यात. घर बघून मन भरलं तरच देत्यात. ओसाड घरात कोन आपली लेक धाडंल?"

स्वप्नानं कपाळावर हात मारला, पण म्हातारीशी वाद घालायचा तिला धीर झाला नाही. बनुबाईनं आपली ठेवणीतली दोन लुगडी फाडून उपकेंद्राच्या खिडक्यांना पडदे शिवले. नवी बाज उचलून आत नेली, वर पांढरी चादर घातली. कोपऱ्यात पाण्याचा हंडा ठेवला. स्वप्नाच्या पिशवीतला तान्ह्या बाळांचा वजनकाटा मागून घेतला आणि टेबलावर मांडला. मग दारात उभी राहून तिनं एकदा सगळीकडं पाहिलं. आपण इथं नर्स असतो तर राहिलो असतो, असं तिला मनापासून वाटलं.

समिती जीपमधून आली. तिघंजण होते, आणि बोलणारी एक तरुण मॅडम. बाई वाईट नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. तिनं घाई केली नाही. दोन्ही खोल्या पाहिल्या, बाजेवरून हात फिरवला, पडद्यांचं कौतुक केलं.

"नर्स कुठं आहेत?"

"आज तालुक्याला मीटिंग हाय त्यांची," जालिंदर न अडखळता म्हणाला. स्वप्नानं तोंड उघडलं. जालिंदरनं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं ते मिटलं.

मॅडम बनुबाईकडं वळली. "आजी, जागा तुम्ही दिलीत ना? मग तुम्हीच सांगा. इथं काही अडचण आहे का? काही कमी आहे?"

बनुबाईच्या ओठांवर आलं होतं, नर्स तेवढी धाडा बाई, माझी नात येणार आहे. पण हातात चहाचं तबक होतं, पुढं पाहुणी उभी होती, आणि पाहुणीपुढं गाऱ्हाणं गायची जीभ तिला देवानं दिलीच नव्हती. "न्हाई बाई," ती म्हणाली, "काय कमी न्हाई. चा घ्या."

"नक्की? मोकळेपणी सांगा हं."

"काय सुदीक कमी न्हाई. साकर घालू का आनी?"

मॅडमनं कागदावर लिहिलं. बनुबाईनं दाखवल्या जागी सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली ती सही तिनं अगदी जपून, एकेक अक्षर सुटं काढून केली.

जीप गेल्यापासून ती रोज सकाळच्या गाडीकडं डोळे लावून बसायची. महिना गेला, दुसरा सरत आला, तेव्हा स्वप्ना मेढ्याहून मंजुरीची यादी घेऊन आली. ओसरीवर बसून तिनं खालच्या आवाजात वाचून दाखवलं. बोरजाईवाडी, उपकेंद्र सुस्थितीत व सुरू, अडचण नाही. नर्स मिळाली होती ती खिंडीपलीकडच्या वाडीला, गाडीनं जायचं तर अर्धा दिवस मोडावा इतक्या लांब. त्या लोकांनी समितीला पडकी शेड दाखवली होती आणि आमच्याकडं काही नाही म्हणून सांगितलं होतं.

"म्हंजी माज्यामुळं?" बनुबाईनं विचारलं. स्वप्ना नाही म्हणाली, पण तिला म्हातारीच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी बनुबाई पहिल्या गाडीनं मेढ्याला गेली. मॅडमनं तिला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"म्याडम, मी खोटं बोलले. आमच्यात नर्स न्हाई. कवाच नव्हती."

"आजी, मी दोनदा विचारलं होतं."

"व्हय बाई. इचारलं हुतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुमी पावनं हुतासा," बनुबाई म्हणाली.

त्या शिकलेल्या बाईनं कोरा कागद पुढं ओढला. तिनं अर्ज लिहून घेतला, वर पाठवते म्हणाली, पण मंजुरी होऊन गेली होती आणि पुढचा आराखडा पाच वर्षांनी होता. बनुबाईनं तिला हात जोडले आणि उन्हाची गाडी धरून परत आली. उपकेंद्रातली बाज तिनं स्वप्नाच्या मदतीनं घरी आणली आणि जिथं राजेश्वरी लहानपणी निजायची तिथं टाकली.

सातवा लागला आणि फोन आला.

"आये, न्यायाला कवा येतीस? मी पिशवी भरून ठिवलीया."

"सासू काय म्हनती?"

"त्यांस्नी मी मनवलंय. हे बी म्हनालं, जा. नर्स नसली तर नसली, तू हायस की. तू निस्तं ये म्हन, लगेच निगते."

बनुबाई बाजेच्या कडेवर बसली होती. एक शब्द, तोही एका अक्षराचा, बोलायचा होता. तो बोलला की परवा पोरगी या घरात असणार होती. या बाजेवर निजणार होती, तिच्या हातचे डिंकाचे लाडू खाणार होती, तिच्या मांडीवर बाळ देणार होती. उभ्या जन्मात बनुबाईनं स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं. पण डोळ्यांपुढं आंबा आला, आणि आंब्याखाली टेकवलेली ती जुनी बाज.

"नगं यिऊस," ती म्हणाली.

"का गं आये?" पोरीचा आवाज एकदम लहान झाला. "मी नगं झाले व्हय तुला?"

बनुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. पलीकडं राजेश्वरी आये, आये म्हणून हाका मारत होती. शेवटी तिनं पदर काढला आणि उभ्या आयुष्यात कुणापुढं न काढलेला शब्द, जिच्यापुढं तो कधीच काढायचा नव्हता तिच्यापुढंच काढला.

"हितं कमी हाय, पोरी," ती म्हणाली. "आपल्या घरात लय कमी हाय. तू तितंच ऱ्हा."