ओळंबा आणि निळा अंगरखा

मार्गशीर्षातली सकाळ. वारणेच्या काठावर धुकं विरत होतं आणि त्यातून उसाचे तुरे वर येत होते. रुपेरी, दवभारले, वाऱ्यासवे झुकलेले. एकही तुरा ताठ नव्हता. आणि त्याबद्दल एकाही तुऱ्याला कुणी जाब विचारला नव्हता.

त्याच उजेडाची एक तिरपी पट्टी अनसूया मगदूमांच्या खिडकीतून आत आली, शिलाई मशीनच्या काळ्या मानेवरून उतरली आणि खुंटीवरच्या अंगरख्यावर येऊन थांबली. निळा अंगरखा. डोहनिळा, पूरनिळा, सांजनिळा; घडीघडीत वेगळा निळा.

ही निळाई दुकानातून आलेली नव्हती. इचलकरंजीचं कोरं सुती कापड अनसूयाबाईंनी परसातल्या पिंपात, मुरवलेल्या निळीत, स्वतःच्या हातांनी बुडवलं होतं. पिंपातून निघताना ते हिरवट होतं, शेवाळलेलं, कोंडलेलं. मग त्याला हवा लागली. पाहता पाहता धाग्याधाग्यातून निळा रंग उगवत गेला, आणि शेजारी उभी असलेली वैजयंता टाळ्या पिटत ओरडली, "काकू, सुटली बघा नदी बाटलीतनं!"

कारण गोष्टच तशी होती. शाळेच्या संमेलनातलं नाटक: एका राक्षसानं राज्यातली नदी बाटलीत कोंडली, आणि राजाच्या मुलींतली धाकटी राजपुत्राचा वेश घेऊन तिला सोडवायला निघाली. शेवटी ती बाटलीचं बूच उपटते, गिरकी घेते, आणि तिच्या अंगरख्याचा जो घेर फुलतो, तीच नदी.

धाकटीचं काम वैजयंताचं होतं. धोंडिराम गवंड्याची ही लेक, बारा वर्षांची. पाठीचा कणा जन्मापासून एका अंगाला वळलेला; डावा खांदा उजव्याहून दोन इंच तीन सूत उंच.

दोन इंच तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अनसूयाबाई आठव्या भागालाही अंतर देत नसत. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला, तो दयेनं नव्हे, संकोचानं नव्हे. नदीच्या वळणाचा कोन लिहावा, तसा. जुन्या काळच्या एका चित्राची छापील प्रत त्यांनी समोर टाचली होती. छातीवर तिरका येणारा पदर, काखेखाली बांधायचे बंद, कमरेखाली बावीस कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या, खाली रुंद तुकड्यांचा घेर. चित्रातला राजपुत्र ताठ उभा होता. असू दे. चित्र काही अंगरखा घालणार नव्हतं. त्यांनी डावी बाजू वेगळी मापली, उजवी वेगळी. डावी वेगळी कापली, उजवी वेगळी.

कळ्या तिरप्या कापाच्या, आणि तिरपं कापड स्वतःच्याच भारानं उतरत जातं. म्हणून अंगरखा दोन दिवस नुसता टांगून ठेवला. मग तो वैजयंताच्या अंगावर चढवला. घेर खालून समान यावा म्हणून तिनं बापाचा ओळंबा आणला होता: भिंत उभी करताना गवंडी सोडतात ती दोरी, टोकाला पितळेचं निमुळतं वजन. दोरीवर, टोकापासून सहा इंचांवर, अनसूयाबाईंनी एक गाठ मारली. वजनाचं टोक जमिनीला टेकेल न टेकेल असं धरायचं, डोलणं थांबू द्यायचं, आणि गाठ जिथे कापडाला लागेल तिथे खडू; पुढे त्याच खुणेवर काठ दुमडायचा.

"हलू नको."

"हलत न्हाई काकू. श्वास तर घेऊ का?"

"घे. बेतानं घे."

बावीस कळ्या, बावीस खुणा. ओळंबा पृथ्वीच्या पोटाकडे बोट दाखवत राहिला. कोण ताठ, कोण कललेलं, हे तो विचारत नव्हता.

संमेलनाच्या आदल्या दुपारी शिरगुप्पे सर आले. नाटक त्यांनी बसवलेलं. त्यांच्या मागे वैजयंताच्या वर्गातली सानिका. उंच, सडपातळ, चपलेच्या अंगठ्याशी नजर खिळवून. वैजयंता तिथेच, खिडकीत बसून राजपुत्राच्या शेल्याला टाके घालत होती. तिच्यादेखत सर बोलले. ती तिथे नसल्यासारखे बोलले.

"वहिनी, जरा बदल केलाय. राजपुत्र आता सानिका."

"आणि वैजयंता?"

"तिचा आवाज खणखणीत हाय की! पडद्यामागनं नदीचा आवाज देईल. कसं आहे, पाहुणे येणार, फोटो निघणार. राजपुत्र म्हटल्यावर ताठ नको का? आणि पोरीला कोण हसायला नको. तिच्या भल्याचंच बघतोय."

खिडकीतली सुई थांबली.

तिच्या भल्याचं! किती मऊ हा शब्द, आणि किती घट्ट बसणारं बूच! हसणाऱ्यांची तोंडं मोकळी, आणि जिला ते हसतील तिलाच कोंडायचं. महिनाभर जिनं नदी सोडवली, रोज तालमीत, रोज अंगणात, रोज गुडघे फुटेस्तोवर गिरक्या घेत, तिनं आता पडद्यामागे उभं राहून नदी व्हायचं. न दिसणारी नदी. बाटलीतली नदी. राक्षसाला निदान शिंगं होती. गोष्टीतल्या माणसांना तो दुरून ओळखता येत होता.

अनसूयाबाई उठल्या. त्यांनी खुंटीवरून अंगरखा काढला आणि सानिकाला घातला. बंद बांधले. मागे सरल्या.

डावीकडे अंगरखा जमिनीकडे लोंबला. उजवीकडे पोटरी उघडी पडली. पाठीवर कापडाचा एक पोकळ फुगा उभा राहिला.

सर हसले. "वहिनी, चष्मा बदला आता! वाकडा शिवलाय की हो सगळा. चार टाके मारून सरळ करून टाका, झालं."

अनसूयाबाईंचा आवाज चढला नाही. तो उतरला, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा खोल आणि गार झाला. उसवायची कात्री त्यांनी सरांच्या हातात ठेवली.

"घ्या सर. बावीस कळ्या आहेत. त्यातली वाकडी कुठली ते दाखवा, मी उसवते."

सरांनी कात्री मशीनवर ठेवून दिली. अनसूयाबाई खिडकीकडे वळल्या.

"वैजे, ऊठ. ओळंबा आण."

वैजयंता उठली नाही. ती शेल्याकडेच बघत राहिली. तेव्हा सानिकानंच काखेखालचे बंद सोडले, अंगरखा उतरवला आणि तो घेऊन खिडकीशी गेली. "घे गं," ती पुटपुटली, "मला तर ह्यात चालायला पण येईना."

आणि निळाई वैजयंताच्या खांद्यांवरून उतरली. उंच खांद्यावरून उंच, खालच्या खांद्यावरून खाली, वळणाशी वळण जुळवत, काठाशी पाणी यावं तशी. फुगा नाही. चुणी नाही. अनसूयाबाई स्वतःच ओळंबा घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोरी सोडली. पहिल्या कळीशी गाठ काठाला लागली. दुसरीशी लागली. सरांना त्यांनी एकेक कळी पाहायला लावली, एकही सोडू दिली नाही. बाविसावीशी गाठ काठाला लागली.

"तरी पण लोक बघणार, वहिनी," सर हळूच म्हणाले.

"बघू देत. त्यासाठीच शिवलाय. हा अंगरखा हिच्याशिवाय स्टेजवर जाणार नाही. तुम्हाला नुसतं ताठच पाहिजे असेल, तर झेंड्याची काठी उभी करा."

"बरं, बरं. रागावू नका."

"रागावलेय मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "मोजून रागावलेय."

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, पडदा सरला. त्याची दोरी सरांच्या हातात होती. पडद्यामागून सानिका नदीचा आवाज देत होती. हे काम तिनं स्वतःच मागून घेतलं होतं; थोडं बेसूर, पण मनापासून. पहिल्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "अगंबाई, पोरीची पाठ बघ." दुसऱ्या रांगेत अनसूयाबाईंची मूठ आवळली. मुठीत ओळंबा होता. पितळ तापलं होतं, आणि ते निवावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

वैजयंतानं बूच उपटलं.

गिरकी. अजून एक गिरकी. बावीस कळ्या उमलल्या, बावीस लाटा उठल्या, डोहनिळ्या, पूरनिळ्या, सांजनिळ्या. कुजबुज त्यात बुडाली. कललेल्या कण्याभोवती निळ्या पाण्याचं एक वर्तुळ फिरत राहिलं, जमिनीशी समांतर, कुठे झुकलेलं नाही, कुठे उचललेलं नाही.

मग वेग ओसरला. घेर खाली आला, डोलला, पुन्हा थोडा डोलला. आणि जमिनीपासून सहा इंचांवर, चहूबाजूंनी सहाच इंचांवर, निळा काठ निश्चल झाला.