वरून सातवी ओळ

दर्शनाला राग यायचा, नाही असं नाही. पण तो ती चहाबरोबर गिळायची. त्या मंगळवारी तो गिळला गेला नाही.

डिलाईल रोडच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर प्रफुल्लसरांचा कॉम्प्युटर क्लास. दर्शना तिथली शिकवणारी. बारा मशिनं, सगळी बाबा आदमच्या जमान्यातली, विंडोज सेव्हनवर धापा टाकणारी. एप्रिलात क्लासला मान्यता देणारे तपासनीस येणार, मशिनांवर नवं विंडोज इलेव्हन लागणार, असं कळलं आणि सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"नवी मशिनं कुठून आणू गं? तू हुशार आहेस. ह्यांनाच इलेव्हनसारखं दिसायला लाव ना. आत वाकून कोण बघतंय?"

आणि बाईसाहेबांनी लावलं! रविवार अख्खा घालवला. खालच्या पट्टीतली बटणं मधोमध आणली, खिडक्यांचे कोपरे गोल केले, फोल्डरची चित्रं बदलली, मागे इलेव्हनचं ते निळं फूल टाकलं. जुन्या बाईला नवी नऊवारी. तपासनीस आले, दारातूनच स्क्रीन बघितले, वडे खाल्ले, सही ठोकून गेले. "मानलं तुला," सर म्हणाले, आणि दर्शनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला, चढलंच होतं. दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लागली, 'येथे विंडोज इलेव्हन शिकवले जाईल.'

ती पाटी वाचून शेवंती आली.

शेवंती चव्वेचाळीस वर्षांची, इस्पितळात आया. अठरा वर्षं पेशंट उचलून उचलून मणका सरकलेला. डॉक्टर सांगत होते, वजन उचलू नका. आता आयाने वजन नाही उचलायचं तर काय उचलायचं, डोंबल? केसपेपरच्या खिडकीवर एक जागा निघाली होती. बसून काम, पाठीला टेकायला खुर्ची. पण कॉम्प्युटरची परीक्षा द्यायची, आणि पंचेचाळिशीनंतर बसू देत नाहीत. म्हणजे तिला ही एकच संधी.

इंग्रजी तिला अडखळत यायचं, म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली. कालवणाची कृती उतरवावी तशी ती प्रत्येक गोष्ट वहीत उतरवायची. 'उजवं बटण दाबणे. वरून ओळी मोजणे. सातवी ओळ, ती कॉपी.' रोज ड्यूटीवरून सुटली की तशीच यायची, कंबरेला पट्टा बांधून. वही दर्शनाकडून तपासून घ्यायची. दर्शना लाल पेनने बरोबरची खूण करायची, प्रत्येक पानावर.

तर त्या मंगळवारी शेवंती वही घेऊन आली. परीक्षा आदल्या दिवशी इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर झाली होती.

"नापास झाले मॅडम. कुठे चुकलं ते दाखवा." तिने पान उघडलं. "उजवं बटण दाबलं. ओळी मोजल्या. चारदा मोजल्या हो! सातव्या ओळीत भलतंच काहीतरी. कॉपी हा शब्दच नाही कुठे. वर नुसती बारकी बारकी चित्रं. घाम फुटला. तेवढ्यात वेळ संपला. माझंच डोकं जड, दुसरं काय."

दर्शनाला लगेच कळलं. खरं इलेव्हन तसंच असतं. कॉपीचं तिथे चित्र असतं, ओळ नसते. तिने रंग वरून दिला होता. उजवं बटण दाबलं की आतून जुनंच सेव्हन बाहेर यायचं.

बाहेर नव्या बॅचची सात-आठ माणसं फॉर्म भरत बसली होती. त्यांच्यासमोर सर हसत म्हणाले, "वय झालं की होतं असं, शेवंतीबाई. पुन्हा बॅच लावा. डोक्यात जायला वेळ लागतो एकेकाच्या."

"सर, तोंड सांभाळा!" दर्शना ओरडली. "तिची अक्कल काढता? तुमच्या जिभेला काही हाड?"

ती पहिल्या मशिनवर बसली. हातांना वाट पाठ होती. निळं फूल गेलं. बटणं सरकून डावीकडे आली. कोपरे टोकदार झाले. "या, बघा सगळे! हे ह्यांचं इलेव्हन! पंधरा वर्षांचं म्हातारं आहे, मीच रंगवलंय!"

"अक्कल गहाण ठेवलीस काय?" सर किंचाळले.

"ठेवली होती, एप्रिलात. आज सोडवून आणली!"

दुसरं मशिन, तिसरं मशिन. फॉर्म भरणारे एकेक करून उठले. एका बाईने तर सरांसमोर फॉर्मचे चार तुकडे केले. दर्शनाला फार दिवसांनी मोकळं वाटलं. ती वळली आणि शेवंतीचा हात धरायला गेली. "ताई, तुमची काही चूक नाही. तुम्ही लिहिलेलं अगदी बरोबर होतं. मशिनच खोटं होतं."

शेवंतीने हात मागे घेतला. इतके महिने मॅडम-मॅडम करणारी बाई, राग आला तशी आपल्या मालवणीवर आली.

"तुमका म्हायत होता?"

दर्शनाने मान डोलावली.

"पयल्या दिवसापासून?"

"सरांनी सांगितलं म्हणून मी..."

"सरांचा सोडा." शेवंतीने वही तिच्यापुढे धरली आणि सातव्या ओळीशेजारच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "ही खूण कोणी केल्यानी? सरांनी?"



शेवंतीने वही टेबलावर ठेवली. "र्‍हवांदे तुमच्याकडेच," म्हणाली, आणि कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत जिना उतरली. सकाळी सातला तिची ड्यूटी होती, आणि वॉर्डात उचलायचे पेशंट होते.