टाकव्याच्या बालवाडीतली फळी

मी फळी बोलतेय. टाकवे बुद्रुकच्या बालवाडीत भिंतीलगत असते, तीच. स्वतः कधी पाऊलभर चालले नाही, पण गावच्या पोरांना तोल सांभाळायला मीच शिकवते. हसू नका!

माझा जन्म जांभळाच्या खोडातला. कोंडाजी सुतारांनी मला पलंगासाठी कापलं. पण मी मधे जराशी वाकडी निघाले, म्हणून त्यांनी मला गोठ्यासमोरच्या चिखलावर टाकलं. तिथून बालवाडीच्या कोमलताईंनी मला उचलून आणलं. कोंडाजींनीच रंधा मारून खाली ठोकळे ठोकले. वीतभर उंची मिळाली आणि माझा रुबाब वाढला.

रोज प्रार्थना झाली की पोरं माझ्यावरून निघतात. कुणी हात पसरून विमान होतं, कुणी डोक्यावर वाळूची पुरचुंडी ठेवतं. सत्यम तर मधोमध थांबून नाक पुसतो, मगच पुढे जातो.

रेणुका मात्र दाराची चौकट धरून उभी राहायची. ताई कधी ओढायच्या नाहीत. "येईल तिची ती," म्हणायच्या.

एक दिवस तिची आजी भागुबाई तणतणत आली. "बाई, ही फळी हटवा. पोरगी घाबरती. सर्कस शिकाय धाडलंय व्हय हितं?"

"मावशी, शरीराचा तोल आला की हातही स्थिर होतो. पुढे पेन्सिल धरायला सोपं जातं."

"तोल काय शिकवायचा? भाताच्या बांधावरनं भारा घेऊन जाती मी!" असं म्हणून चपला काढून आजी चढलीच की माझ्यावर!

सुरुवात झोकात झाली. पण माझ्या वाकड्या जागेवर आली आणि लागली डुलायला. पदर एकीकडे, हात दुसरीकडे. "आगं आई गं!"

तेवढ्यात समोरून इवलीशी पावलं माझ्यावर टेकली. रेणुका! हात पुढे करून सरसर आली.

"आजे, खाली बगू नगं. माज्याकडं बग!"

ताईंचं रोजचं वाक्य! म्हणजे पोरगी चौकटीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. दोघी बोटं धरून, तिरप्या तिरप्या होत टोकाशी उतरल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. रेणुका लगेच पुन्हा चढली, एकटीच.

आजीने चपला पायात सरकवल्या. मग डोळे पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या फळी. पर लय वाकडी हाय बया!"

आता माझ्या कडा झिजल्यात, एक ठोकळा कुरकुरतो. तक्रार नाही. मागणं एवढंच, की मूल चढताना अडखळलं तर त्याचा दंड धरून ओढू नका. नुसतं बोट पुढे करा. धरायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.