कॅप्टन नसलेलं पुस्तक

शाळेच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. सगळं काही आठवत नाही, पण त्या मुलीचं कार्ड मी बंद केलं तो दिवस मात्र आजही स्पष्ट दिसतो.

सातवीतली ती मुलगी. वर्गात तिला सगळे 'घुमी' म्हणत, कारण दहा प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायची, तेही जमिनीकडे बघून. अभ्यासात यथातथाच. ग्रंथालयाच्या तासाला मात्र ती सगळ्यांच्या आधी दारात उभी असायची.

माझा तेव्हा एक नियम होता. पुस्तक परत करताना वहीत दहा ओळींचा सारांश लिहायचा. मुलं नुसती पुस्तकं घरी नेतात आणि तशीच परत आणतात, हे मी जाणून होते. मला फसवणं सोपं नाही, असंही मला वाटायचं. सारांश पटला नाही की मी लाल फुली मारायची. तीन फुल्या झाल्या की वर्षभर कार्ड बंद.

त्या वर्षी एका मालिकेतली नवी पुस्तकं आली होती. सगळ्यांचे पुठ्ठे निळे आणि चित्रांची धाटणीही एकच. त्यातल्या एकाच्या नावात 'दिवा' होतं. सात-आठ मुलांनी ते नेलं आणि सगळ्यांनी छान सारांश लिहिले: वादळात सापडलेला कॅप्टन, दीपगृहाचा म्हातारा रखवालदार, विझलेला दिवा, शेवटी किनाऱ्याला लागलेलं जहाज. मी खूश. मग घुमीनं तेच पुस्तक परत केलं आणि लिहिलं, 'एक बाई रेल्वेच्या फाटकावर काम करते. तिची मुलगी तिला रोज डबा देते. एक दिवस आई आजारी पडते.'

मी फुली मारली. "पुस्तक उघडलंस तरी का? पुन्हा वाच आणि कॅप्टनबद्दल लिही."

आठवड्यानं तिनं पुन्हा फाटकवालीबद्दलच लिहिलं, फक्त या वेळी जास्त लांब. दुसरी फुली.

तिसऱ्या वेळी वहीत एकच ओळ होती. 'यात कॅप्टन नाही.'

मला तो सरळ उद्धटपणा वाटला. सगळ्या वर्गासमोर मी तिचं कार्ड मागितलं आणि माझ्या खणात टाकलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कॅप्टन बुडाला वाटतं," आणि वर्ग फिदीफिदी हसला. मी हसणाऱ्यांना दटावलं नाही, हे मला आजही टोचतं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. बस कंडक्टर होते. अंगावर खाकी, खांद्यावर चामड्याची पिशवी, बोटांना तिकिटांची शाई. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात धावत आले होते.

"बाई, पोरगी जेवत नाही नीट. कार्ड बंद केलंत म्हणे."

"अहो, ती न वाचताच लिहिते. तीनदा संधी दिली मी."

"न वाचता?" ते हसले, पण रागानं नाही. "शाळा सुटली की माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसते. मी घरी सोडेपर्यंत दोन फेऱ्या होतात. दोन्ही फेऱ्या तेच निळं पुस्तक. पॅसेंजर उतरताना पायावर पाय देऊन गेला तरी मान वर नाही."

"मग कॅप्टनबद्दल का लिहीत नाही?"

"ते मला काय कळणार? मी वाचलेलं नाही. तुम्ही वाचलंय ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणाले.

ते पिशवी सावरत म्हणाले, "राग मानू नका हं बाई. पण आमच्या धंद्यात तिकीट बघितल्याशिवाय दंड करत नाहीत." आणि घड्याळ बघून लगबगीनं निघून गेले.

मी ते पुस्तक वाचलं नव्हतं.

तीन हजार सातशे पुस्तकं होती माझ्याकडे. कोणतं कुठल्या कपाटात, कोणाची शिवण सुटलीय, कोणाला वाळवीनं धरलंय, सगळं पाठ. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर मी घर डोक्यावर घ्यायची. आतली गोष्ट मात्र बहुतेकांची मला ठाऊक नव्हती. घरी दोन लहान मुलं, आजारी सासूबाई. इथे नव्या पुस्तकांच्या नोंदी, शिक्के, कव्हरं. वाचायचं राहूनच गेलं होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी प्रत्येक पुस्तकाच्या मागचा मजकूर वाचून ठेवायची. सारांश मी त्याच्याशीच ताडून बघत होते.

त्या दुपारी शेवटच्या दोन तासांना कुठलाच वर्ग नव्हता. दार लोटून घेतलं आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर रेल्वेचं फाटक होतं. विसाव्या पानावर फाटक. पन्नासाव्या पानावर आईला ताप आलाय आणि मुलगी अंधारात कंदील हलवत उभी आहे. मी शेवटपर्यंत वाचलं. समुद्र सोडा, साधी नदीही नव्हती त्यात. मग त्याच मालिकेतलं दुसरं पुस्तक काढून बघितलं. कॅप्टन तिथे होता. छापखान्यात दोन पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्यांवरच्या मजकुरांची अदलाबदल झाली होती.

म्हणजे इतक्या मुलांपैकी पुस्तक वाचलं होतं एकट्या घुमीनं, आणि शिक्षा झाली होती तीही एकट्या घुमीला.

मी मोठ्या बाईंकडे गेले. आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कार्ड देऊन टाका तिला गुपचूप. वर्गात कशाला सांगायला हवं? आज तुम्ही चूक कबूल केलीत तर उद्या पोरं आमचीही चूक काढतील."

"कार्ड काढून घेतलं ते वर्गासमोर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. "बघा बाई. मी काही ऐकलेलं नाही."

पुढच्या तासाला मी ते पुस्तक हातात धरून उभी राहिले. घुमी शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून.

"यातला कॅप्टन कुणाकुणाला आठवतो?"

भराभर हात वर झाले.

"कितव्या पानावर भेटतो तो?"

हात तितक्याच भराभर खाली आले. नेहमी पहिली येणारी मुलगी वहीत काहीतरी शोधू लागली.

"घाबरू नका. मलाही तो मागच्या पुठ्ठ्यावरच भेटला होता," मी म्हणाले. "मी हे पुस्तक वाचलं नव्हतं. परवा वाचलं. यात कॅप्टन नाही. हिनं लिहिलं होतं ते बरोबर होतं आणि माझ्या तिन्ही फुल्या चूक होत्या."

इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती, आणि शांतता राखणं हेच तर माझं काम होतं.

मी मागच्या बाकापाशी गेले आणि कार्ड तिच्यासमोर ठेवलं. तिनं हात लावला नाही.

"आता सारांश लिहायचा?" तिनं विचारलं.

"नाही. कुणीच नाही लिहायचा."

"मग मी वाचलं हे तुम्हाला कसं कळणार?"

"वाटलं तर सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाही कळणार."

तिनं कार्ड उचललं, कपाटापाशी गेली, आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी तारखेचा शिक्का उचलला.

"हे वाचलंय तुम्ही?"

'म्हणजे काय' ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "नाही."

"मग हे तुम्ही न्या. मी दुसरं घेते."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. मी नवं कार्ड काढलं, त्यावर माझं नाव लिहिलं आणि पुस्तकावर तारीख मारली. तोवर तेरा वर्षं तिथे काम करत होते, पण स्वतःच्या नावावर पुस्तक नेण्याची ती पहिलीच वेळ.

पुस्तक मला आवडलं नाही. फार रटाळ वाटलं. पुढच्या आठवड्यात मी तिला तसं सांगितलं.

घुमीनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "शेवटपर्यंत वाचलंत?"

चाळीस पानं राहिली होती.

"आणखी आठ दिवस वाढवून घ्या बाई," ती म्हणाली आणि शिक्का माझ्यापुढे सरकवला.