चढावरची बाळंतीण

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा जागच्या जागी चालवायच्या सायकली नवलाच्या होत्या आणि गाणी अजून कॅसेटवर वाजत होती.

एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. तिच्या मागच्या खोलीत मालकाने अशा सोळा सायकली मांडल्या होत्या. प्रत्येकीला एकच वजनदार लोखंडी चाक आणि सीटच्या पुढे एक लाल चक्री. चक्री उजवीकडे पिळली की चाक जड व्हायचं, म्हणजे चढ लागला असं समजायचं. माणसं पाऊण तास घाम गाळायची आणि समोरची भिंत होती तिथेच असायची. खालून ताज्या पावाचा वास यायचा तो वेगळाच.

शिकवायला होती मास्तरीण. आधी चौदा वर्षं ती शाळेत व्यायामशिक्षिका होती. तिथे तिचा तास गणिताचे सर मागून न्यायचे, आणि नेलेला तास कधी परत आला नाही. या खोलीत पहिल्यांदाच तिचा तास तिचा होता. म्हणून मालक जेव्हा म्हणाला, "मॅडम, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी मोजायला येणार. बारा सायकली भरलेल्या दिसल्या तर ठीक, नाहीतर खोली कॉम्प्युटर क्लासला दिली," तेव्हा तिने मनातल्या मनात हजेरी मोजली. येत होती नऊ माणसं.

तिच्याकडून कसूर नव्हती. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, जाडजूड पुस्तक पाठ केलं होतं. समोरच्या सायकलवर बसून ती घसा फाटेस्तोवर ओरडायची, "चक्री एक फेरा! शाब्बास! अजून एक!" समोरचे सगळे चक्रीला हात लावायचे, दात-ओठ खायचे. आणि तरी दर आठवड्याला एखादा गळायचाच.

त्याच महिन्यात घराला रंग लावायला काढला. वासाने सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा मास्तरणीने त्यांना क्लासला नेऊन मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसवलं. सासूबाई निवृत्त नर्स. एकतीस वर्षं सरकारी सायकलवरून वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत हिंडलेल्या. त्यांनी विणकाम काढलं आणि तीन दिवस विणता विणता मागून क्लास बघितला. तिसऱ्या दिवशी घरी जेवताना म्हणाल्या,

"तुझी माणसं चोर आहेत गं."

"आई, काहीतरीच काय!"

"चक्रीला नुसता हात लावतात, पिळत कुणीच नाही. तू समोरून तोंडं बघतेस. तोंडाला काय, सोंग आणता येतं. मी मागून पोटऱ्या बघते. त्या दंतवैद्याची पोटरी तर उशीसारखी पडलेली असते."

"मग मी आणखी काय करू? ओरडून ओरडून घसा बसला माझा."

"तू त्यांना चढ चढ म्हणतेस. पण वर आहे काय?"

"वर काय असणार? कॅलरी जळतात."

"एकतीस वर्षांत कॅलरीसाठी मी एकही चढ चढले नाही," सासूबाई म्हणाल्या आणि ताकाचं भांडं तोंडाला लावलं.

मास्तरीण चिडली. "आई, घरात तुम्ही म्हणाल ते. क्लास माझा आहे." सासूबाईंनी मान डोलावली. विषय मिटला.

शनिवार उजाडला. मालक दारात उभा राहून मोजत होता. नऊ. दहावी होती सासूबाईंची खुर्ची, ती धरता येत नव्हती. मास्तरणीने उसनं अवसान आणून टेप लावला. दहा मिनिटं बरी गेली. मग गाणं आधी घोगरं झालं, मग रेड्यासारखं हंबरलं आणि बंद पडलं. टेपने कॅसेट खाल्ली होती. मास्तरणीने उतरून झाकण उघडलं तर आतून शेवयांसारखी पट्टी बाहेर आली.

खोलीत नुसता चाकांचा आवाज. दंतवैद्याने टॉवेल गळ्यात टाकला. "चला, देवानेच सुट्टी दिली!" म्हणून तो एक पाय खाली टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"उतरू नका. डोंगरावरच्या वस्तीवर बाई अडली आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या होत्या.

"पहिलटकरीण आहे. कळा सुरू होऊन सात तास झाले. घरात फक्त नवरा, आणि तो भिंतीला टेकून रडतोय. मागे काय बघता? रस्ता पुढे आहे!"

माना पुढे झाल्या. मास्तरीण हातात कॅसेटची आतडी धरून उभी. एक क्षण तिला राग आला. दुसऱ्या क्षणी तिला अठरा पाय जोरात फिरताना दिसले, तसे ते तिने कधी पाहिले नव्हते. तिने पट्टी फेकली आणि सायकलवर उडी मारली.

"आई, चढ कुठून?"

"ओढा ओलांडला की."

"ओढा आला! चक्री एक फेरा उजवीकडे!"

चक्र्या खरोखर पिळल्या. चाकांचा आवाजच बदलला.

"गरम पाण्याची किटली दंतवैद्यांकडे," सासूबाईंनी वाटप सुरू केलं. "हिंदकळू देऊ नका. दोरा त्या निळ्या शर्टवालीकडे. आणि कात्री, ती कडेला बसली आहे तिच्याकडे."

आता निळी आणि कडेची या सख्ख्या जावा होत्या. दोन वर्षं अबोला होता, म्हणून सायकलीही दोन टोकांना.

"नीट ऐका. दोरा पोचला आणि कात्री मागे राहिली तर उपयोग शून्य. दोघींनी बरोबरच पोचायचं."

मोठीने समोर बघत वेग वाढवला. मग धाकटी म्हणाली, "जरा दमानं घ्या की, ताई."

"दमानं काय? बाई अडलीय तिकडे! तूच पाय उचल!"

"कधी नव्हे ते बोललात, तेही ओरडूनच!"

"वळण!" मास्तरीण गरजली. "सीटवरून उठा, उभ्याने मारा! आणखी अर्धा फेरा!" आता ती पुस्तकातलं बोलत नव्हती. सासूबाई रस्ता सांगत होत्या आणि ती तो पायांत उतरवत होती. दंतवैद्य एका हाताने न दिसणारी किटली सांभाळत होता. दारातून मालकाने न राहवून विचारलं, "डॉक्टरला बोलवायला कुणी गेलंय का?"

"तुम्ही जा!" नऊ जण ओरडले. मालक बुटांसकट दहाव्या सायकलवर चढला.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, "मुलगी झाली. रडली बघा." खोलीत टाळ्या. मोठ्या जावेने डोळे पुसले. मास्तरणीने चक्र्या सैल करायला लावल्या, श्वास घ्यायला लावले. माणसं खाली उतरली.

सासूबाईंनी विणकाम उचललं, परत खाली ठेवलं.

"थांबा. पोट अजून हलतंय. आत दुसरं आहे."

"अगं आई गं!" दंतवैद्य किंचाळला आणि सगळ्यांच्या आधी परत चढला.

शेवटी दमून भिंतीला टेकलेल्या मालकाने विचारलं, "आजी, दुसरं काय झालं? मुलगा की मुलगी?"

"सोमवारी सांगते," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी सोळा सायकली भरल्या आणि तिघं उभे राहिले. मोजायची वेळ मालकावर पुन्हा आली नाही. कॉम्प्युटर क्लास बेकरीच्या मागे गेला आणि वर्षभरात तिथूनही उठला.

मालक पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगायचा की कल्पना मुळात त्याची होती. दंतवैद्याची पोटरी दगडासारखी झाली. दाढ काढताना घाबरणाऱ्या पेशंटला तो ओढ्यापासूनचा रस्ता सांगायचा. जावा परत भांडल्या, पण आता रोज, शेजारच्या सायकलींवरून. मास्तरणीने त्या खोलीत बावीस वर्षं शिकवलं आणि तिचा तास कुणीही मागितला नाही. ती खुर्ची अजून मागच्या भिंतीशी आहे, तिच्यावर टॉवेल ठेवलेला कुणाला चालत नाही.

सासूबाई शहाऐंशी वर्षं जगल्या. अगदी शेवटच्या दिवसांत मास्तरीण त्यांचे पाय चेपत होती. बोटांना पोटऱ्या लागल्या, त्या पिठाच्या गोळ्यासारख्या मऊ होत्या.

"आई, एकतीस वर्षं ते चढ चढलात, आणि पोटऱ्या अशा?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं, कुणी नाही असं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "चढावर कोण वेडं सायकल मारतंय? मी उतरून ढकलत न्यायचे. तुझ्या माणसांना सांगू नकोस हं."

मास्तरणीने सांगितलं नाही.